प्रकरण अभ्यास: "सर, खरं रीडिंग लिहू का बरोबर रीडिंग लिहू?"

हा प्रश्न मला सप्टेंबर २०२२ मधे एका मुलीने विचारला. एस.वाय.बीएस्सीचं प्रॅक्टिकल चालू होतं, गणपतीच्या सुट्ट्या नुकत्याच संपलेल्या, ती ब्युरेटसमोर (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची, मिलीच्या खुणा असलेली उभी काचनळी) उभी, एका हाताने नॉब धरलेला आणि दुसऱ्या हातात पेन. मी घाईत होतो. बॅचमधे वीस-बावीस पोरं, चार जणांत एक ब्युरेट, आणि पुढच्या तासाला थिअरी घ्यायची होती. मी म्हणालो, "बरोबर रीडिंग लिही बेटा, नऊ पॉइंट आठ." तिने खोडलं, लिहिलं, मी जर्नलवर सही केली. त्या सहीनंतर काय काय झालं आणि त्यातनं मला माझ्या वर्गाबद्दल काय कळलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न बऱ्याच लॅबमधे पडून असणार, फक्त तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

आधी ही बॅच कुठली ते सांगतो, त्याशिवाय बाकीचं समजणार नाही. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, मी तिथे तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबीवर केमिस्ट्री शिकवतो. पोरं बहुतेक बोरी नदीच्या दोन्ही अंगाच्या खेड्यांतली, घरी कापूस, मका, थोडीफार बागायत, आणि बोलणं अहिराणी. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. ही उडी दरवर्षीच असते, पण या पोरांची अकरावी संपता संपता कोरोना आला. म्हणजे ज्या दोन वर्षांत भाषा बदलते त्यातलं दुसरं अख्खं घरातल्या एका मोबाईलवर, रेंज असेल तर. २०२१ ची बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत कामाचे ४० असे धरून निकाल लागला. मग एफ.वाय.ला आली तर नोव्हेंबर २०२१ पासून एसटीचा संप, तो पार एप्रिलपर्यंत चालला. ज्याच्या घरी मोटरसायकल तो आला, बाकीच्यांनी, विशेषतः मुलींनी, एफ.वाय.चं जर्नल मैत्रिणीच्या जर्नलवरनं उतरवलं आणि ते उतरवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतंच. तर ही पोरं एस.वाय.ला आली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी ब्युरेट आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. कागदावर मात्र त्यांचं तीन वर्षांचं प्रॅक्टिकल पूर्ण झालेलं होतं.

आता ते नऊ पॉइंट आठचं प्रकरण. साधं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती मिली लागतं ते मोजायचं: फ्लास्कमधे पिपेटने १० मिली कॉस्टिक सोडा, ब्युरेटमधे हायड्रोक्लोरिक ॲसिड, इंडिकेटर म्हणजे रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणारा फिनॉल्फ्थॅलीन, गुलाबी रंग गेला की थांबायचं. सुट्टीच्या आधी मी स्वतः करून पाहिलं होतं तेव्हा ९.८ आलं होतं आणि तेच आकडा म्हणून फळ्यावर लिहून ठेवलं होतं. त्या मुलीला आलं ९.३, ९.५, ९.४. मी समजलो हिचा हात बसलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी लॅबमधले मामा कॉस्टिक सोड्याचा कॅन धुताना म्हणाले की सर, हे सोल्यूशन तर सुट्टीच्या आधीचं होतं, झाकण पण ढिलंच होतं. मी कॅनमधे तळाला उरलेलं घेऊन टायट्रेशन केलं. ९.४.

कारण सोपं आहे आणि केमिस्ट्रीवाल्या कोणालाही पाठ असतं. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यातला थोडा भाग सोडियम कार्बोनेट होतो, आणि फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो तेव्हा ते कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच पोचलेलं असतं, म्हणजे निम्मंच ॲसिड घेतं, म्हणून रीडिंग कमी येतं. मिथाइल ऑरेंज टाकलं असतं तर ते कार्बोनेट पूर्ण ॲसिड घेतं आणि फरक दिसलाच नसता. म्हणजे त्या दिवशी तिचं रीडिंग खरंही होतं आणि बरोबरही होतं, चुकीचं होतं ते फळ्यावरचं. अख्ख्या बॅचला ९.४ च्या आसपासच आलं असणार आणि अख्ख्या बॅचने ९.८ लिहिलं. विचारलं फक्त तिने.

आणि मी तिला जाऊन हे सांगितलं नाही. जर्नल तपासून झाली होती, पुढचं प्रॅक्टिकल सुरू झालं होतं, आणि खरं कारण म्हणजे मला ते अवघड वाटलं. ही या प्रकरणातली माझी चूक आहे आणि ती पहिल्या चुकीपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं, कारण पहिली घाईत झाली आणि ही शांतपणे.

फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षासाठी कोण कुठला विषय घेणार याची चर्चा सुरू झाली. आमच्याकडे तेव्हा जुना पॅटर्न, टी.वाय.ला एकच मुख्य विषय. ती मुलगी वर्गात केमिस्ट्रीत पहिल्या तीन-चारात, ऑरगॅनिकची मेकॅनिझम न अडखळता लिहायची, आणि तिने सांगितलं बॉटनी घेणार. मी विचारलं का गं, तर म्हणाली, "नही जमत सर." मार्क पाहिले तर जमतंय. मग 'नाही जमत' म्हणजे नेमकं काय, हे मला कळेना, आणि तिथनं मी शोधायला लागलो.

पहिलं साधं काम केलं. सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव नको, भाषा कुठलीही चालेल, केमिस्ट्रीच्या तासाला आणि लॅबमधे तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मला वाटलं होतं की अवघड, बोअर, इंग्रजी, एवढंच येईल. तेही आलंच. पण चिठ्ठ्या वाचताना मी एकटाच स्टाफरूममधे बसलो होतो आणि काही वाक्यं अशी होती की मला उठून बाहेर जाऊन यावं लागलं. एकाने लिहिलं होतं की इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला म्हणून बाण काढायचा, पण तो का गेला विचारलं की पुढच्या सेममधे येईल सांगतात, आणि पुढच्या सेममधे सांगतात की हे तुमचं मागेच झालंय. एकीने लिहिलं की व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर येत असतं पण ते डोक्यात मराठीत असतं, इंग्रजीत करेपर्यंत सर पुढच्या मुलीला विचारतात. एकाने मोठ्या अक्षरात: दहावीला 'क्षपण' शिकलो होतो, 'रिडक्शन' म्हणजे तेच हे मला एस.वाय.ला कळलं, मधली तीन वर्षं मला वाटत होतं हे काहीतरी नवीन आहे. आम्लारी-बेस, संयुजा-व्हॅलन्सी, हेही असंच कोणा-कोणाचं तुटलेलं होतं. हे जोडायला खरं तर एक तास पुरतो, पण तो एक तास त्यांना कोणीच दिलेला नव्हता, मीसुद्धा नाही. आणि एक चिठ्ठी एस्टरच्या प्रॅक्टिकलबद्दल, आयसोअमाइल ॲसिटेट बनवलं तेव्हा लॅबभर केळीचा वास सुटला, तिचे मामा रावेरकडे केळीवाले, तिला वाटलं आपल्याला हे बनवता येतं, तो दिवस तिला फार आवडला होता, पण नंतर जर्नलमधे वासाबद्दल एक ओळही लिहायला जागा नव्हती.

मात्र सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट जर्नल आणि रीडिंगची होती. 'आमचं रीडिंग कधीच बरोबर येत नाही.' 'शेवटी सरांचंच लिहायचं असतं मग करायचं कशाला.' 'मला लॅब आवडते पण लॅबमधे खोटं लिहावं लागतं ते आवडत नाही.' ही तिसरी कोणाची ते मला माहीत नाही, आणि मी अक्षरावरनं शोधायचा प्रयत्नही केला नाही.

दुसरं काम म्हणजे एक प्रश्नावली. केमिस्ट्रीबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं हे मोजायला अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर बाऊर नावाच्या प्राध्यापकांनी २००८ मधे विरुद्ध शब्दांच्या जोड्यांची एक पद्धत मांडली, 'केमिस्ट्री सोपी आहे – अवघड आहे', 'गोंधळाची – स्पष्ट' अशा जोड्या आणि मधे सात पायऱ्या, जिथे आपल्याला वाटतं तिथे खूण करायची. २०११ मधे शू आणि लुईस या दोघांनी ती आठ जोड्यांवर आणली आणि त्यात दोन वेगळे भाग दाखवले: एक, विषय डोक्याला पेलतोय का, आणि दोन, तो करताना मनाला बरं वाटतंय का. मी त्या आठ जोड्या मराठीत केल्या. 'कम्फर्टेबल'ला शब्द सापडेना, शेवटी 'मोकळं वाटतं – दडपण येतं' केलं. एका मुलाने प्रामाणिकपणे विचारलं की सर, लॅबमधे बसायला स्टूल नाही म्हणून दडपण लिहू का. मी म्हणालो लिही, तेही शिकवण्यातच येतं. तीन-चार तास उभं राहून कोणाला काय मोकळं वाटणार आहे.

पंचवीस-तीस कागदांवरनं मी कुठलेही टक्के काढणार नाही, भाषांतरही माझंच, कोणी तपासलेलं नाही. पण एक गोष्ट डोळ्याला दिसत होती. मला वाटलं होतं दोन्ही भाग बरोबर चालतील, ज्याला अवघड जातं त्याला वाईट वाटतं, ज्याला सोपं जातं त्याला बरं. तसे कागद होतेच. पण काही कागद असे की सोपं, सरळ, स्पष्ट याकडे खुणा, आणि 'समाधान वाटतं – चीड येते' या जोडीत खूण एकदम चिडीच्या टोकाला. ज्यांना जमतं त्यांनाच चीड येतेय. आपण स्टाफरूममधे कायम कच्च्या पोरांबद्दल बोलतो, कच्चे आहेत म्हणून विषय सोडतात म्हणतो, आणि ही जमणारी पोरं हळूच बॉटनीला, मॅथ्सला निघून जातात, मार्कांत ते कुठेच दिसत नाही.

इथे मला सीबीआरबद्दल थोडं जास्त बोलायचंय. महाराष्ट्रात बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाला तो तक्ता आठवत असेल: पायलट रीडिंग, मग एक, दोन, तीन, आणि शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. मूळ कल्पना चांगली आहे, रीडिंग एकमेकांशी जुळेपर्यंत परत परत करा. पण ब्युरेटचा सगळ्यात लहान भाग ०.१ मिली, एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, रंग नेमका कधी गेला हे माणसाच्या डोळ्याने ठरवायचं, मग तीनही रीडिंग दशांशापर्यंत तंतोतंत सारखी दरवेळी, दर पोराची, दर टायट्रेशनला कशी येतील? आणि जर्नल उघडून बघा, ९.८, ९.८, ९.८, पानोपानी तेच. वेळ एका टायट्रेशनपुरता, ब्युरेट चौघांत एक, म्हणून एकदा करायचं आणि तीनदा लिहायचं. पोरं आळशी नाहीत, तक्ताच त्यांच्याकडनं हे मागतो. आणि यात जे शिकायचं असतं, की मोजमापात थोडा फरक असतोच आणि तो किती आहे हे सांगणं म्हणजेच मोजमाप, ते कायमचं निसटतं. त्याऐवजी पोरगं हे शिकतं की माझ्या डोळ्याला दिसलं ते चूक, पुस्तकात आहे ते बरोबर.

ग्लासगोचे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ मधे केमिस्ट्री अवघड का जाते ते एका त्रिकोणात मांडलं होतं. एका कोपऱ्यात डोळ्याला दिसतं ते, दुसऱ्यात न दिसणारे अणू-रेणू-आयन, तिसऱ्यात चिन्हं आणि समीकरणं. शिकवणारा या तिन्हीत सहज उड्या मारत फिरतो आणि नवीन शिकणाऱ्याला कळतच नाही की सर आत्ता कुठल्या कोपऱ्यात उभे आहेत. हे वाचल्यावर मला माझी लॅब दिसली. आमच्याकडे न दिसणाऱ्या कोपऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, समीकरण फळ्यावर असतं, आणि जो एकच कोपरा पोरांच्या स्वतःच्या हातात आहे, म्हणजे दिसणारा, तोच आपण त्यांना खोडून लिहायला लावतो.

मग मी वर्गात उभं राहून सप्टेंबरची गोष्ट सांगितली. कॅनची, झाकणाची, ९.४ ची. सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. कोणी काही बोललं नाही. ती मुलगी वहीत खाली बघत होती. मला वाटलं होतं की सांगितल्यावर वातावरण मोकळं होईल, तसं लगेच काही झालं नाही, पाच महिने उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात पाण्याच्या हार्डनेसचं, म्हणजे जडपणाचं, प्रॅक्टिकल होतं. दरवर्षी एकच नमुना सगळ्यांना देतो, या वेळी सांगितलं प्रत्येकाने घरचं पाणी आणा, बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन. आणि अट एकच, जे रीडिंग येईल ते लिहायचं, सीबीआरच्या रकान्यात सरासरी आणि कंसात कमीत कमी-जास्तीत जास्त. बोअरचं, विहिरीचं, नळाचं, जारचं, कॉलेजच्या टाकीचं, सगळं आलं. पद्धत नेहमीचीच, ५० मिली पाणी, अमोनियाचा बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) टाकून पीएच १० च्या आसपास, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमधे ०.०१ मोलर ईडीटीए. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए ओढून घेतो, आणि सगळे संपले की लालसर दारूसारखा रंग निळा होतो. या मापाने हिशोब फार सोपा होतो, रीडिंगला २० ने गुणा, एका लिटरमधे किती मिलिग्रॅम ते आलं, कॅल्शियम कार्बोनेट धरून.

पहिल्याच बाकावर भांडण लागलं. एक म्हणे निळा झाला, दुसरी म्हणे अजून जांभळा आहे. दरवर्षी मी जाऊन निकाल देतो, या वेळी दिला नाही, एवढंच म्हटलं की ठरवा आणि लिहून ठेवा की तुम्ही कुठे थांबता, आणि मग तिन्ही वेळा तिथेच थांबा. त्यावरनं इंडिकेटरचा विषय निघाला, तो पाण्यात विरघळवून ठेवला की काही दिवसांत खराब होतो, म्हणून मिठात घोटून कोरडा ठेवलेला बरा, आणि आमचा विरघळवलेलाच होता, जुना. तो बदलला, रंग स्वच्छ पलटायला लागला. हे सगळं पोरांनी स्वतः धरून काढलं. मला वाटतं त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा 'एरर' या शब्दावर खरं बोललो.

त्या मुलीने गावच्या बोअरचं पाणी आणलं होतं. रीडिंग २८.४, २८.७, २८.६. सरासरी धरली तर ५७१ च्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ चं, हार्डनेसला २०० पर्यंत योग्य म्हणतं आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. तिने आकडा परत परत तपासला. मी विचारलं काय गं, चुकलंय वाटतं का. तर म्हणाली, "नही सर, आमना गावनं पानीच तसं शे. दाय लवकर शिजस नही, माय रोज सोडा टाकस." लॅबमधे ती पहिल्यांदा अहिराणीत बोलली. मी तिला डाळीचं सांगितलं, डाळीच्या सालीत-पेशींत पेक्टिन असतं, पाण्यातला कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतो म्हणून ती लवकर मऊ पडत नाही. मग शेजारचा पोरगा म्हणाला की आमच्या हीटरच्या कॉइलवर पांढरं साचतं ते हेच का, एक म्हणाली साबणाला फेस येत नाही ते, आणि एक तासभर त्या पोरांनी मला प्रश्न विचारले. व्हायवाला तोंड न उघडणारी पोरं. २८.४ आणि २८.७ मधला फरक लिटरमागे सहाच मिलिग्रॅमचा, त्याने २०० च्या वर आणि ६०० च्या आत हे बदलत नाही, हे पण त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे फरक लपवायची गरजच नव्हती.

आता जे चांगलं झालं नाही ते. एप्रिलमधे प्रॅक्टिकल परीक्षा झाली. मी पोरांना सांगून ठेवलं होतं की खरं तेच लिहा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तीन वेगवेगळी रीडिंग चालली नाहीत, काही उत्तरपत्रिकांवर त्यांनी गोल केले, मी समजावलं, थोडं ऐकलं, थोडं नाही, दोघा-तिघांचे मार्क गेले. त्यातला एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला की सर, तुमचं ऐकलं म्हणून गेले, ज्यांनी सारखं लिहिलं त्यांना पूर्ण मिळाले. त्याचं म्हणणं रास्त आहे. परीक्षकांशी आधी बोलून किती फरक चालेल हे ठरवून घ्यायला हवं होतं, ते न करता मी त्यांच्या मार्कांवर माझा प्रयोग केला. पुढच्या वर्षापासून मी परीक्षेच्या स्लिपवरच छापून घेतो की ०.२ मिलीपर्यंतचा फरक मान्य. एका ओळीचं काम होतं ते.

थिअरीचं मी फारसं काही बदलू शकलेलो नाही. वर्ग भरलेला, सिलॅबस संपवायचा, पीडीएफ ग्रुपवर टाकायची, चालूच आहे. फक्त प्रत्येक युनिटच्या सुरुवातीला मराठी-इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहितो आणि व्हायवात उत्तर मराठीत आलं तरी घेतो.

ती मुलगी बॉटनीलाच गेली. मी गृहीत धरलं होतं की रीडिंगमुळेच, पण नंतर बोलताना कळलं की टी.वाय. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात आणि तिच्या गावाची शेवटची बस त्याआधी निघते. हे तिने आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे चिठ्ठ्या, जोड्या सगळं केलं आणि बसचं विचारायचं राहिलं. दोन्ही कारणं खरी आहेत असं ती म्हणते, कुठलं किती ते ती पण सांगू शकत नाही, आणि मी पण ते वाटून टाकणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मधे ती दोन बाटल्या घेऊन लॅबच्या दारात उभी होती, मार्करने 'मे' आणि 'आत्ता' लिहिलेल्या. पावसाने बोअरच्या पाण्यात काही फरक पडला का ते तिला बघायचं होतं. मे महिन्याची बाटली पाच महिने घरात पडलेली, तळाला पांढरं बसलेलं, म्हणजे तिचं रीडिंग आता मे महिन्याचं राहिलेलं नाही, हे मी सांगायच्या आधी तिनेच सांगितलं. तरी दोन्ही करूच म्हणाली. मामांनी बफर काढून दिला, मी ईडीटीए भरला, आणि ती नॉब धरून उभी राहिली.